ताप ५व्या दिवशी गेला, जिना ७०व्या दिवशी जमला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत व्हायरल इन्फेक्शनवर अख्खं पान आलं होतं. चांगलं होतं, नाही असं नाही, हात धुवा, मास्क लावा, भरपूर पाणी प्या, सगळं बरोबर. पण खाली निळ्या चौकटीत एक ओळ होती की बहुतेक पेशंट ५ ते ७ दिवसांत पूर्ण बरे होतात, आणि नेमकी तीच ओळ आमच्या ह्यांनी मला मोठ्यांदा वाचून दाखवली. मी म्हटलं, अहो, जरा माझी ती वही आणा बघू.

वही म्हणजे काय तर लहानपणापासून दमा आहे मला, आता वय ५८, आणि स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनमध्ये फुंकून फुप्फुसाची तपासणी, केली की पंप मारल्यानंतरसुद्धा श्वासनळ्या पूर्ण उघडत नाहीत, थोडा आकसलेपणा कायमचा झालाय. म्हणून मी सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे जोरात सोडलेल्या श्वासाचा वेग मोजणाऱ्या नळीत, फुंकते आणि आकडा लिहून ठेवते, गेली ६ वर्षं. माझा मोठा भाऊ, दादा, ६६ वर्षांचा, त्याला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आणि फुप्फुस कायमचं खराब करणारा आजार, सिगरेट सोडून ११ वर्षं झाली पण सोडायच्या आधी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोन दिवस आम्ही एका घरात होतो, तिथे कोणालातरी सर्दी होती, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंही आडवे. घरातले बाकीचे ४ जण पण आडवे झाले, ते खरोखर आठवड्यात बरे झाले, म्हणजे तुमची चौकट त्यांच्यासाठी खोटी नाही. फक्त ती आमच्यासाठी नव्हती, आणि आमच्यासाठी नाही असं तिच्यात कुठेही लिहिलं नव्हतं.

माझा ताप ५व्या दिवशी गेला. ९व्या दिवशी मला वाटलं झालं आता, खाली जाऊन यावं. पहिल्या मजल्यावर राहतो आम्ही, १६ पायऱ्या. उतरले मजेत, परत चढताना ७व्या पायरीवर उभी राहिले ती कठड्याला दोन्ही हातांनी धरूनच, मान खाली, खांदे वर, आणि वरून शेजारीण विचारतेय, आता बरं आहे ना? मला हो म्हणायला पण श्वास नव्हता, म्हणून मान हलवली. आमचं बरं असणं लोकांना असंच कळतं. घाम नाही, ताप नाही, चेहरा ठीक, मग बरीच असणार. पण खाली वाकून बुटाची नाडी बांधली की डोळ्यापुढे अंधारी, केस धुवायला हात वर धरले की धाप, आणि हसलं की खोकल्याची अशी उबळ की बघणाऱ्याला वाटावं आता हिचं काही खरं नाही. रोज संध्याकाळी दादाचा फोन यायचा, तो अर्धं वाक्य बोलून थांबायचा, मग मी अर्धं बोलून थांबायचे, १० मिनिटांच्या फोनमध्ये ५ मिनिटं नुसता श्वासांचा आवाज. वहिनी म्हणायची, तुम्ही दोघं फोन कशाला करता, नुसते मेसेज टाका की.

आता हे असं का होतं ते डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, आणि तुमच्या पुरवणीत ते यायला हवं होतं म्हणून मी लिहितेय. श्वासनळीच्या आतल्या बऱ्याच पेशींवर बारीक बारीक केस असतात, एकेका पेशीवर साधारण २००, आणि ते सेकंदाला १० ते १५ वेळा एका लयीत हलत असतात. त्यांच्यावर चिकट पाण्याचा पातळ थर असतो, धूळ-जंतू त्याला चिकटतात आणि हे केस तो थर घशाकडे ढकलत राहतात. चोवीस तास झाडलोट चालू, आपल्याला पत्ताही नसतो. व्हायरस नेमका ह्याच पेशींमध्ये शिरतो, त्या मरतात, गळून पडतात, आणि झाडणारेच गायब होतात. मग कफ तिथेच बसून राहतो आणि तो बाहेर काढायला शरीराकडे एकच उपाय उरतो, खोकला. खालच्या थरातल्या मूळ पेशी नवीन पेशी बनवतात, त्यांच्यावर परत केस उगवतात, पण ह्याला दिवस नाही, आठवडे लागतात. म्हणून धडधाकट माणसालासुद्धा व्हायरलनंतर ३ ते ८ आठवडे खोकला राहू शकतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

आमच्याकडे गोष्ट अशी की झाडणारे आधीच कमी आणि कचरा आधीच जास्त. सीओपीडीत किंवा जुन्या दम्यात कफ बनवणाऱ्या पेशी वाढलेल्या असतात, नळीच्या भिंती सुजलेल्या, जाड झालेल्या असतात, आणि व्हायरसशी पहिल्या फळीत लढणारं जे इंटरफेरॉन म्हणतात ते काही दमेकऱ्यांमध्ये कमी आणि उशिरा तयार होतं. त्यात व्हायरल गेल्यावर नळ्या इतक्या चिडक्या होतात की थंड हवा, अत्तर, उदबत्तीचा धूर, कशानेही आखडतात. म्हणजे त्याच साध्या सर्दीच्या व्हायरसने, तो बऱ्याचदा रायनोव्हायरस असतो, घरातल्या दुसऱ्याचं नाक वाहतं आणि आमची छाती बंद होते.

आणखी खाली, अगदी टोकाला, हवेचे फुगे असतात. तिथे दोन प्रकारच्या पेशी, एक पातळ पसरलेल्या, ज्यांच्यातून ऑक्सिजन रक्तात जातो, आणि दुसऱ्या छोट्या गोल, ज्या फुगा चिकटू नये म्हणून एक साबणासारखा पदार्थ बनवतात, आणि वेळ पडली तर स्वतःच पहिल्या प्रकारच्या पेशी होऊन भगदाड बुजवतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. फुप्फुस दुरुस्त होतं. २००३ च्या सार्सच्या साथीत आजारी पडलेल्या हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांना पुढे १५ वर्षं तपासत राहिले होते, त्यांच्या फुप्फुसातलं बरंचसं नुकसान पहिल्या २ वर्षांत भरून आलं होतं. कोविडनंतरही कितीतरी जणांचे स्कॅन महिन्यामहिन्याला सुधारत गेले. पण दादाच्या बाबतीत डॉक्टर स्पष्ट बोलले, की ह्या व्हायरलने केलेलं नुकसान बरंचसं भरून येईल, सिगरेटने फुग्यांच्या ज्या भिंती आधीच फाटून गेल्यात त्या परत येणार नाहीत. तुम्हाला तरुणपणीच्या फुप्फुसापर्यंत पोचायचं नाहीये, तुम्हाला आजारी पडायच्या आदल्या दिवसाच्या फुप्फुसापर्यंत पोचायचंय.

हा आदल्या दिवसाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. माझ्या वहीत तो आकडा होता, ३२०. पण दादाकडे काही म्हणजे काही नव्हतं. ६व्या दिवशी रात्री त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, ओठ निळसर, बोलणं तुटक, ऑक्सिमीटरवर ८४. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, ह्यांचं एरवी किती असतं? वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी भाच्याकडे बघितलं, भाच्याने मोबाईलकडे. एरवी? एरवी कोण बघतं! ऑक्सिमीटर घरात होता, कोविडपासून ड्रॉवरमध्ये पडलेला, पण तो तब्येत बिघडली की बाहेर काढायचा अशीच सगळ्यांची समजूत. म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर काढतो तसं. पण नॉर्मल ताप सगळ्यांचा साधारण एकच असतो, फुप्फुसाचं तसं नाही, ज्याचं त्याचं वेगळं. ९१ हा आकडा माझ्यासाठी धावाधाव करण्याचा आहे आणि दादासाठी, आता कळलंय, तो एका साध्या मंगळवारचा आकडा आहे.

त्या रात्रीचीच गोष्ट. दादाला मास्क लावला, आकडा वर चढायला लागला, ८८, ९०, ९३, ९६, आम्ही सगळे हुश्श करतोय तेवढ्यात ती डॉक्टर आली आणि तिने ऑक्सिजन कमी केला. वहिनी इतकी चिडली! माझ्या माणसाला श्वास मिळत नाहीये आणि तुम्ही ऑक्सिजन काढून घेता? ती मुलगी शांतपणे म्हणाली, काकू, ह्यांना ८८ ते ९२ मध्येच ठेवायचं असतं. सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, माणूस सुस्तावतो, डोकं दुखतं, आणि घरच्यांना वाटतं चला, शांत झोप लागली. टास्मानियात अँब्युलन्समध्येच हा प्रयोग केला होता, २०१० साली तो छापून आला, दम लागलेल्या पेशंटना सरसकट भरपूर ऑक्सिजन देण्याऐवजी मोजून दिला तर मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हे मी नंतर वाचलं. त्या रात्री मीसुद्धा वहिनीच्याच बाजूने होते, खोटं कशाला बोलू. (आणि हे ८८ ते ९२ सगळ्यांना लागू नाही, कृपया कोणी ह्या पत्रावरून घरच्या घरी नळ फिरवू नका, आपला आकडा आपल्या डॉक्टरांना विचारा.)

ऑक्सिमीटरचं आलंच आहे तर, बोटं गार असली, नखांना पॉलिश असलं की तो चुकतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण सावळ्या-काळ्या त्वचेवर तो खरं असतं त्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या पेशंटच्या आकड्यांवरून पुन्हा एकदा दिसलं, ते फार कमी जणांना माहीत आहे. आणि आकडा चांगला म्हणजे दम लागत नाही असं नाही. माझा त्या ७व्या पायरीवर ९५ होता. हवा आत जाते पण आकसलेल्या नळ्यांतून पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो, छाती फुगून राहते, आणि भरलेल्या छातीत आणखी हवा कशी कोंबणार? ९५ बघून घरचे म्हणतात, तुझं टेन्शन आहे सगळं. टेन्शन असतंच हो, श्वास मिळत नसताना कोणाला नसेल!

बरं, माझं पुढचं ऐका. १२-१३ दिवस झाले, जरा बरं वाटतंय, पीक फ्लो १८० वरून २४० वर आलेला, आणि १४व्या दिवशी आजार उलटला. कफ वाढला, घट्ट, हिरवा, आकडा परत १९०. मला वाटलं नवीन इन्फेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, नवीन नाही, त्याचंच शेपूट आहे. २०१२ मध्ये एक अभ्यास छापून आलाय, त्यात सीओपीडीच्या काही स्वयंसेवकांना मुद्दाम रायनोव्हायरसची लागण करून रोज तपासलं, तर ६०% जणांच्या कफात नंतर बॅक्टेरिया वाढलेले सापडले, आणि त्यांचा जोर कधी तर १५व्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे व्हायरस ओसरल्यावर. व्हायरस दार मोडून जातो आणि मग बॅक्टेरिया आरामात आत येतात. दुसरा आठवडा संपता संपता सावध राहा असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्या दिवशी सगळ्या घराचा केर काढायला घेतला नसता.

हिरव्या कफावरून आमच्याकडे भांडण झालं ते पण सांगते. ह्यांनी कपाटातून मागच्या वर्षीच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या ३ गोळ्या काढल्या, हिरवा आहे म्हणजे घेच. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो, नुसत्या व्हायरलमध्येही कफ हिरवा होऊ शकतो. पण आमच्यासारख्यांमध्ये धाप वाढली, कफाचं प्रमाण वाढलं आणि तो पू सारखा झाला, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टर बॅक्टेरियाचा विचार करतात. म्हणजे दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर. मला अँटिबायोटिक लागलंच, पण नवीन, पूर्ण कोर्स, तपासून. कपाटातल्या ३ गोळ्यांनी अर्धवट मारलेले बॅक्टेरिया मला नको होते.

स्टिरॉइडच्या गोळ्यांबद्दल तर दोनच टोकं दिसतात, एक जण नाव काढलं तरी घाबरतो आणि दुसरा चिठ्ठी जपून ठेवून दर सर्दीला स्वतःच सुरू करतो, आणि बरं वाटतंय म्हणून पुढे चालूच ठेवतो. २०१३ साली स्वित्झर्लंडमध्ये सीओपीडी बिघडलेल्या पेशंटवर तुलना झाली, ५ दिवस दिलं काय आणि १४ दिवस दिलं काय, पुढच्या ६ महिन्यांत परत बिघडण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. दादाला ५च दिवस दिलं. वहिनीला वाटलं डॉक्टर विसरले, तिने दोनदा फोन केला.

आता माझी खरी तक्रार. मी ज्यांच्याकडे गेले त्या दवाखान्यात, आणि दादा होता त्या हॉस्पिटलमध्ये, दोन्हीकडे कागदावर शेवटी एकच वाक्य, प्रकृतीत सुधारणा, गरज वाटल्यास दाखवणे. गरज वाटल्यास म्हणजे कधी? आम्हाला ४० वर्षं धापेची सवय आहे, आम्हाला गरज वाटतच नाही, आम्ही अंगावर काढण्यात तरबेज. खरं तर सीओपीडीचा जो जागतिक पातळीवरचा मार्गदर्शक आराखडा आहे त्यात चक्क लिहिलंय की हॉस्पिटलमधून गेल्यावर १ ते ४ आठवड्यांत एकदा आणि १२ ते १६ आठवड्यांनी परत एकदा बघा. तारीख द्या ना मग. दात काढला तरी तारीख मिळते.

आणि ही मुदत कोणी मनाने ठरवलेली नाही. लंडनमध्ये सीओपीडीच्या १०१ पेशंटना रोज घरी पीक फ्लो लिहायला लावला होता, २००० साली ते छापून आलं. बिघडल्यावर ३५ दिवसांनी किती वेळा आकडा मूळ जागी परत आला होता? साधारण ७५%. म्हणजे चारातल्या एका वेळी सव्वा महिना झाला तरी नाही. आणि ७% वेळा तर ९१ दिवसांनंतरही नाही. मी हे वाचलं तो माझा ३८वा दिवस होता, वहीत २७०, आणि मी रडकुंडीला आले होते की आता हे असंच राहणार. वाचल्यावर उलट जिवात जीव आला. मी मागे पडलेली नाही, मी त्या चारातली एक आहे, बस. पण हेही आहे की अशी बिघडायची वेळ वारंवार आली की फुप्फुस दर वेळी थोडं थोडं खाली उतरतं, पूर्ण वर येत नाही, म्हणून परत येणारा आकडा कुठवर आला हे बघायलाच हवं, आणि ते बघायला आधीचा आकडा हवा. फिरून तिथेच येतेय मी.

दादा घरी आला तो ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. पहिल्या दिवशी तो नळी नाकाला लावून खिडकीत बसला आणि म्हणाला, झालं, आता मी कुत्र्यासारखा पट्ट्यात. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की हे कायमचं. पण हॉस्पिटलमधून जाताना लागणारा ऑक्सिजन कितीतरी जणांना नंतर लागत नाही, म्हणून ६० ते ९० दिवसांनी परत तपासायचं असतं. हे आम्हाला कोणी सांगितलं? दादाच्या फिजिओथेरपिस्टने, सहज बोलता बोलता. ६७व्या दिवशी तपासलं, विश्रांतीत ९१, रक्ताची तपासणीही केली, मशीन परत गेलं. नसतं तपासलं तर आजही तो खिडकीत बसला असता.

फिजिओबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात मोठी चूक आम्ही इथेच केली. आजारी माणूस म्हणजे आराम, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं की दादाला सगळे हातात देत होते, पाणी, चष्मा, वर्तमानपत्र. तीन आठवड्यांत त्याच्या मांड्या अशा झाल्या की पायजम्यात काठी घातल्यासारख्या. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, पायाचे स्नायू गेले की दम जास्त लागतो, कारण अशक्त स्नायू तेवढ्याच कामाला लवकर थकतात आणि फुप्फुसाकडे जास्त हवा मागतात. मग दम लागतो म्हणून माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून स्नायू आणखी जातात. फिजिओने आल्या आल्या एक खुर्ची मागितली, हात छातीवर बांधायला लावले आणि म्हणाली, काका, एका मिनिटात किती वेळा उठबस होते बघू. ६. दादाचा चेहरा बघवत नव्हता, एकेकाळी सायकल मारणारा माणूस. तिने ६ लिहिलं, तारीख टाकली, आणि म्हणाली, हा आपला आजचा आकडा, वाईट नाही न् चांगला नाही.

मग तिने शिकवलं ते मी पण शिकले. ओठांचा चंबू करून, शिट्टी वाजवल्यासारखा पण आवाज न करता, श्वास हळू सोडायचा, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. त्याने नळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. जिना चढताना जोर लावायच्या वेळी श्वास सोडायचा, आम्ही आयुष्यभर रोखून धरत आलो होतो. कफ काढायला धाड धाड खोकत बसायचं नाही, आरशावर वाफ धरतो तसा तोंड उघडून हाऽऽ करायचा, दोन-तीनदा, मग एकदाच खोकायचं. त्या एका गोष्टीने माझ्या बरगड्या वाचल्या. चालताना दमाला ० ते १० मधले मार्क द्यायचे, ३-४ पर्यंत चालेल, धाप लागली म्हणजे काहीतरी बिघडलं असं नाही, बोलता येतंय ना तोवर चालत राहा. पहिल्या दिवशी घरातल्या घरात ४ मिनिटं. वहिनी मागे खुर्ची घेऊन फिरत होती, अक्षरशः.

हा असा व्यायामाचा कार्यक्रम, पल्मनरी रिहॅब म्हणतात, आठवड्यातून निदान दोनदा, ६ ते ८ आठवडे किंवा जास्त, हॉस्पिटलमधून आल्यावर शक्यतो ३-४ आठवड्यांच्या आत सुरू करायचा. अमेरिकेत सीओपीडीसाठी ॲडमिट झालेल्या जवळपास २ लाख वयस्कर पेशंटचे कागद तपासले, २०२० मध्ये ते आलं, ज्यांनी ९० दिवसांत रिहॅब सुरू केलं त्यांच्यात वर्षभरातले मृत्यू खूपच कमी होते. अर्थात जाऊ शकणारे लोक मुळातच जरा बरे असणार, हे मान्य. पण गेले किती होते माहितीये? १.५%. बाकीच्यांना बहुतेक कोणीतरी पाणी, चष्मा आणि वर्तमानपत्र हातात देत असणार.

पंपाबद्दल दोनच ओळी. पावडरचा पंप जोरात आणि खोल ओढावा लागतो, आजारपणात तेवढा जोर नसतो, औषध घशातच राहतं आणि आपण म्हणतो औषध लागू पडत नाही. मला त्या दिवसांपुरता स्पेसरमधून, म्हणजे पुढे जोडायच्या नळकांड्यातून, घ्यायचा पंप दिला, दोन दिवसांत फरक. आणि बरं वाटलं म्हणून रोजचा पंप बंद करणारे जे आहेत ना, ते मी पण होते एके काळी, त्यांनी निदान ह्या दिवसांत तरी करू नये.

आणखी एक, छातीत दुखलं तर दर वेळी खोकल्याने दुखतंय असं धरून चालू नका. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये बघितलं होतं, फ्लू लॅबमध्ये पक्का झाल्यानंतरच्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या साधारण ६ पट, २०१८ चं आहे ते. दादाच्या शेजारच्या कॉटवरचे गृहस्थ छातीला बाम चोळत होते, ईसीजी काढल्यावर पळापळ झाली.

लसींवर तुमच्या पानात होतं, पण सगळ्यांसाठी असल्यासारखं. आमच्यासाठी ती ऐच्छिक गोष्ट नाही हो. फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची, कोविडची डॉक्टर सांगतील तशी, आणि २०२३ पासून वयस्कर लोकांसाठी आरएसव्ही ह्या छातीला त्रास देणाऱ्या व्हायरसचीही निघाली आहे. लस घेऊनही आजार होतो हे खरंय, पण दादाने त्या वर्षी फ्लूची घेतलीच नव्हती, लाईनमध्ये कोण उभं राहणार म्हणून. सहा दिवस कॉटवर पडून राहिला त्यापेक्षा ती लाईन लांब नसती.

तर माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत त्या निळ्या चौकटीत बदल करा. लिहा की दमा, सीओपीडी, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंद, सैल होणं), टीबीनंतर खराब झालेलं फुप्फुस, असं काही ज्यांना आहे त्यांनी आज, तब्येत ठीक असताना, शांत बसून ऑक्सिमीटरचा आकडा, पीक फ्लो असेल तर तो, किती पायऱ्या न थांबता चढता येतात, एका मिनिटात किती उठबस होते, एरवी कफ किती न् कोणत्या रंगाचा, एवढं एका कागदावर लिहून तारीख टाकून दारामागे चिकटवावं. औषधांची नावं पण त्यावरच. रात्री २ वाजता घरातल्या घाबरलेल्या माणसाला तो कागद उचलून नेता आला पाहिजे. मग बरे झालो की नाही ते तुमच्या ५-७ दिवसांवरून नको, त्या कागदावरून ठरवता येईल.

माझा ३१० आहे आज. १६ पायऱ्या ७०व्या दिवशी न थांबता चढले, वर पोचल्यावर शेजारणीने विचारलं आता बरं आहे ना, ह्या वेळी बोलता आलं. दादाची उठबस ६ वरून १७ झाली. काल त्याला फोनवर मी हे पत्र लिहितेय म्हणून सांगितलं तर म्हणाला, अगं माझं निळं पडलेलं तोंड आता पेपरात छापणार का तू, लोक काय म्हणतील, वहिनी तुझी वेगळी चिडेल. एका दमात बोलला सगळं. मी फोनवर मोजत होते.

आपली,
एक दमेकरी वाचक

ता. क. : तुमची शब्दमर्यादा मी केव्हाच ओलांडली आहे, कल्पना आहे मला. कापायचंच असेल तर नवराबायकोचं अँटिबायोटिकचं भांडण कापा, दारामागच्या कागदाचं कापू नका.